निंबथडीचा ठिपका

मानवत रोड स्टेशनवर उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि मी अजून सरांशी भांडत होते. सर पुण्यात, आपल्या घरी, बहुधा चहा पीत असतील. पण माझं मनातल्या मनात पुण्यापासून भांडण चालू होतं. समोरच्या बाकावरच्या बाईंनी तर विचारलंही, घरी काही बिनसलंय का म्हणून. म्हटलं, घरी नाही, कामावर. त्यांनी मला एक केळं दिलं आणि खिडकी सोडून दिली.

भांडणाचं कारण सांगते, म्हणजे मी होळीनंतरच्या उन्हात परभणी जिल्हा का तुडवला ते कळेल. आम्ही काही जण पुण्यात एका खोलीत बसून नकाशा करतो, निजामाच्या राज्यातल्या शेतकऱ्यांच्या बंडांचा. वर इंग्रज, त्याच्या आसऱ्यानं निजाम, निजामाच्या आसऱ्यानं वतनदार आणि सगळ्यांच्या बुडाशी शेतकरी, अशी ती उतरंड. युद्धाच्या काळात सरकारनं लेव्ही लावली, म्हणजे सक्तीची धान्यवसुली. कुठं लोकांनी गोदाम फोडलं, कुठं अंमलदाराला चावडीत कोंडलं, कुठं गावच्या गाव दाणा लपवून बसलं. आम्ही जुन्या पोलिसी कागदांतून गावाचं नाव घेतो, संगणकावर त्या जागी ठिपका टाकतो, आणि त्यावर जमिनीचा कस, पाऊस, रेल्वे, बाजार, वसुलीचे नाके असे थर चढवतो. मग बघायचं, बंड याच गावात का झालं, शेजारच्या गावात का नाही.

परभणीचे बरेच ठिपके रेल्वेच्या कडेच्या गावांवर नीट बसले. उरलेले मात्र मोकळ्या रानात पडले. घर नाही, वस्ती नाही, नुसतं वावर. ती गावं जुन्या नकाशात होती, पण नावापुढे 'बेचिराग' लिहिलेलं (उजाड गाव, जिथं दिवा लागत नाही). म्हणजे बंडाच्या काळातही तिथं चिटपाखरू नव्हतं. सर म्हणाले, या चुका आहेत, कारकुनानं ऐकलं ते खरडलं, पुसून टाका. आणि ते पुसले की नकाशा काय बोलतो? तर बंड रेल्वेनं आलं. बाहेरच्यांनी येऊन पेटवलं. "इथला शेतकरी आपणहून उठला नसता," असं सर अगदी सहज म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. आपणहून उठत नाही म्हणे! त्या ठिपक्यांत एक ठिपका तर माझ्या मनातून जातच नव्हता. लिंबाजी नावाचा माणूस. गुन्हा दरोडा, राहणार निंबथडी, तुरुंगात मयत. निंबथडी बेचिराग. जिथं कुणीच राहत नव्हतं तिथला हा राहणारा. त्याला पुसायचं म्हणजे तो जन्मलाच नाही म्हणायचं. मी सरांना म्हटलं, जागेवर जाऊन येते. ते म्हणाले, या की, पण पुढच्या बैठकीला पुरावा हवा, नाहीतर ते ठिपके जातील. म्हटलं, बघूच.

मानवत रोडवरून पाथरीला काळीपिवळी मिळाली (वाटेत हात केला की थांबणारी जीप). मागच्या बाकावर पाथरीच्या दर्शनाला निघालेलं एक कुटुंब, मधे मी, पुढे कोंबड्यांची पाटी. पाथरीत चहा घेतला आणि फोनवरच्या ठिपक्याच्या मागं निघाले. ठिपका होता उसाच्या फडात. कालव्याचं पाणी नुकतंच सोडलेलं. मी फोनकडे बघत चालले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. एक चप्पल आत राहिली ती हात घालून काढावी लागली.

तेवढ्यात वावराचे मालक काठी घेऊन आले (वावर म्हणजे शेत). फोनवर नकाशा, गळ्यात ओळखपत्र, अवतार असा. त्यांना वाटलं मी नव्या रस्त्याची मोजणी करायला आले. मी जीव तोडून सांगितलं की मी जुन्या बंडांचा शोध घेतेय. त्यांचा विश्वास बसेना.

"बंड शोधायलाव?" ते म्हणाले. "ह्या वावरातून रस्ता काढा, मग दिसंल तुमाला बंड."

मला इतकं हसू आलं की तेही हसले. सरांना हेच ऐकवायला हवं होतं, उठत नाही म्हणणाऱ्यांना. जाताना ते कौतुकानं सांगत राहिले की बाकीच्या रानाला कितीही खत घातलं तरी या तुकड्याची सर येत नाही, इथं खत घालावंच लागत नाही. मी चप्पल धुण्यात गुंग होते. पुरावा म्हणून माझ्या हाती काहीच लागलं नव्हतं.

परभणीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पोखर्णीला गेले. नृसिंहाचं दर्शन घेतलं. रागीट देव मला पहिल्यापासून आवडतो, उगाच हसत उभा राहत नाही. देवळाबाहेर गरम मिरचीची भजी खाल्ली, त्यातल्या एका मिरचीनं डोळ्यांतून पाणी काढलं. हॉटेलवाल्याला तिथल्या ठिपक्याचं नाव सांगून विचारलं, या नावाचं जुनं गाव माहीत आहे का. तो म्हणाला, गाव न्हाई, पण त्या नावाचं शिवार हाय, वड्याच्या पल्याड.

ओढा ओलांडला. ज्वारी निघून गेली होती, रान मोकळं, भेगाळलेलं, काळंभोर. ठिपक्याच्या जागी पोचले तर एक उंचवटा आणि त्यावर बोरीबाभळी. पाय टाकला की पीठ उडावं तशी माती उडत होती. खापराचे तुकडे सगळीकडे. एक बांगडीचा तुकडा सापडला, काचेचा, निळा. म्हणजे कधीकाळी लोक होते. पण बंडाच्या शेकडो वर्षं आधी असतील. सर म्हणतील, मग? मी बोरं वेचून खाल्ली आणि खट्टू होऊन परत फिरले. ओढ्याच्या उतरणीवर घसरून पडले, कोपर सोलवटलं, आणि शिव्या सरांना घातल्या.

तिसरा मुक्काम चुडाव्याला, निंबथडीच्या ठिपक्याजवळ. परभणीहून पॅसेंजर, पूर्णा गेलं की पुढचं स्टेशन. माझ्या मैत्रिणीचे मामा, विश्वनाथआप्पा, यांचं स्टेशनजवळ किराणा दुकान आहे आणि थोडी जमीनही. उंच, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. 'शरणार्थ' म्हणून त्यांनी हात जोडले आणि आधी पाणी, मग विचारपूस, मग जेवण, असा क्रम ठरवून टाकला. मी म्हटलं, मला लगेच निंबथडी बघायचीय. आप्पा म्हणाले, निंबथडी कुठं पळून जायलीय? आदी दोन घास खा.

अंगणात पाय धुवायला बसले. कालची पोखर्णीची माती चपलांना तशीच होती. पाणी ओतलं तर खाली चुना कालवल्यासारखं पांढरं वाहायला लागलं. आप्पांच्या घरच्या काकू तिथंच भांडी घासत होत्या. त्यांनी एकदा पाण्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "कोनाचं गावठान खंदून आलाव?"

मी तशीच ओले पाय घेऊन बसून राहिले. अगं बया! माझे वडील आयुष्यभर म्हणत आले, काळी पिकवते आणि पांढरी वसवते. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गाव वसतं ती जागा. पिढ्यान्‌पिढ्या चुली, राख, शेण, पडक्या भिंती मुरून ती माती पांढरी होते. पाथरीच्या त्या तुकड्याला खत का लागत नव्हतं? कारण ते गावठाण होतं. आणि काळ्या रानात जे करता येत नाही ते पांढरीत करता येतं. पेव खणता येतं! (पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार.) काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात पाणी धरते, त्यात दाणा सडणार. पांढरीत तो वर्षानुवर्षं कोरडा राहतो.

जेवण बाजूला राहिलं. मी संगणक उघडला. आमच्या नकाशाखाली घातलेलं उपग्रहाचं चित्र दिवाळीच्या सुमाराचं होतं, सगळं हिरवंगार, दिसायला छान म्हणून निवडलेलं. मी ते काढलं आणि भर उन्हाळ्याचं चित्र लावलं. चुडाव्याला इंटरनेट मुंगीच्या पावलांनी येतं. चित्र वरून खाली हळूहळू उतरत होतं, काळं रान, काळं रान, आणि मग एका ठिपक्याखाली पांढरा डाग. सारवलेल्या जमिनीवर पीठ सांडावं तसा. दुसऱ्या ठिपक्याखाली डाग. तिसऱ्याखाली. दोन ठिपके चुकीचे निघाले, ते खरोखरच कुठंतरी ओढ्यात पडले होते, ते मी सरांना खुशाल देणार होते. बाकी सगळे पांढरीवर बसले होते.

आप्पा चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी एका डागावर बोट ठेवलं. ही निंबथडी, म्हणाले, हिच्या बांधाला आमचं वावर हाय. आणि मग, जणू काही विशेष नाही अशा आवाजात, सांगायला लागले की शेजारच्या गावातले लोक ज्वारीची रास झाली की पहिलं सूप घरी नेत नाहीत, निंबथडीला नेऊन ओततात. का, ते त्यांना माहीत नव्हतं. रिवाज हाय. सध्या राशी चालूच आहेत, उद्या जाऊ.

त्यानंतर मी काकूंच्या हातची येसराची आमटी (भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) आणि ज्वारीची भाकरी इतकी खाल्ली की काकूंनी ठेचा माझ्यापासून लांब ठेवला. पुण्यात भाकरी मिळते, पण ती भाकरीची आठवण असते.

सकाळी आप्पांची लिंगपूजा आटोपल्यावर त्यांच्या मोटारसायकलवरून निघालो. ज्या गावात गेलो त्याचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे. लिहिणार नाही, एवढंच. कारण पुढे येईल.

पारावर आधी माणिकराव भेटले. गावातले मोठे जमीनदार, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं अगदी मऊ. त्यांनी चहा मागवला आणि माझं काम नीट ऐकून घेतलं. लिंबाजीचं नाव काढलं तेव्हा म्हणाले की तो दरोडेखोर होता, उगाच काही लिहू नका. लेव्हीचं गोदाम त्यांच्या आज्याच्या ताब्यात होतं, तेच त्यानं माणसं घेऊन फोडलं आणि दाणे वाटून टाकले. कागद हाय, म्हणाले. म्हटलं, कागद मीही वाचलाय. दरोडा घालणारा लूट वाटून टाकतो होय? माणिकरावांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग मी विचारलं, तुमच्या राशीचं पहिलं सूप कुठं जातं? ते थोडे चुळबुळले. निंबथडीलाच, म्हणाले, रिवाजाला कोन मोडतं. आप्पांनी चहाच्या कपात तोंड घातलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

लिंबाजीची सून गयाबाई गावाच्या टोकाला राहतात. आम्ही गेलो तेव्हा त्या घरी नव्हत्या, रानात होत्या. मळणीयंत्र धडधडत होतं, भुसा उडत होता, त्यांचा मुलगा ट्रॅक्टरवर. गयाबाईंचं वय पंचाहत्तरीच्या पुढं असेल, पण कंबर ताठ. त्यांनी यंत्र थांबवायला लावलं, पदर खोचला आणि नव्या ज्वारीचं पहिलं सूप भरलं. ते डोक्यावर घेतलं आणि अनवाणी चालायला लागल्या. मला काही विचारलं नाही, नको असंही म्हणाल्या नाहीत. आप्पा म्हणाले, चला मागं.

निंबथडी म्हणजे नदीकडच्या अंगाला एक पांढरं टेकाड. वर उघड्यावर शेंदूर फासलेला मारुती, चार कडुनिंब, बाकी बाभळी. गयाबाई मारुतीला नमस्कार करून पुढे गेल्या आणि एका खळग्याशी थांबल्या. विहीर बुजल्यासारखा गोल खळगा, आत गवत. हे पेवाचं तोंड. त्यांनी सूप त्यात रितं केलं. पाखरं जणू वाटच बघत होती, आम्ही मागं सरताच उतरली. तिथून सभोवार बघितलं तर असे आणखी कितीतरी खळगे दिसले, आणि मी ते मोजायला लागले.

मग निंबाखाली बसून गयाबाईंनी सांगितलं. त्यांनी सासूकडून ऐकलेलं. वसुलीवाले येणार अशी खबर लागली की गाव आपला दाणा रातोरात निंबथडीच्या पेवांत टाकायचं, वरून माती, मातीवर काटे. गावात घरं उकरून काढली तरी हाती लागायची ती रिकामी पेवं. आणि कुणाला धरलं तर गाव सांगायचं निंबथडी. सगळ्यांचं ठरलेलं. कारण गावाचं नाव कळलं की अख्ख्या गावावर जप्ती यायची, माणिकरावांच्या आज्याच्या जमिनीसकट. निंबथडीवर कसली जप्ती आणणार? एकदा म्हणे शिपायांची तुकडी नाव विचारत विचारत निंबथडीला पोचली आणि तिथं मारुतीशिवाय कुणी नाही. हे सांगताना गयाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, जणू कालचीच गंमत.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. राग तर त्या काळी सगळीकडे होता, रागाला रेल्वे लागत नाही. पण वर्षाचा दाणा सुरक्षित असल्याशिवाय माणूस सरकारला नाही म्हणत नाही, त्याला लेकरं असतात. ज्या गावांच्या शेजारी अशी उजाड पांढरी होती त्यांना नाही म्हणणं परवडलं. म्हणून बंड तिथं झालं. कुणी बाहेरून येऊन शिकवलं नाही त्यांना. उठत नाहीत म्हणे!

मी खुशीत होते आणि त्या खुशीतच बोलून गेले. म्हटलं, लिंबाजी तुरुंगात वारले असं कागदात आहे.

गयाबाईंचं हसणं थांबलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की त्या घराला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याच्याबरोबर धरलेले दोघे सुटून आले, लिंबाजी राहिला, त्यानंतर काही खबर नाही. खबर येणार कुठून? ती निंबथडीला गेली असणार, या मारुतीपाशी. सासू मरेपर्यंत वाट बघत होती. तिनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही, आणि गावात कुणाची पुस म्हणायची छाती झाली नाही. सगळं आयुष्य तिनं दरोडेखोराची बायको म्हणून ऐकून घेतलं आणि कुंकू लावत राहिली.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी पुण्याहून निकाल घेऊन आल्यासारखी एका घराला मरणाची बातमी दिली होती, तीही पिढ्या उलटून गेल्यावर. गयाबाई खळग्यातल्या पाखरांकडे बघत होत्या.

"कागदावर गाव कोन्तं लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"निंबथडी."

"मरताना बी?"

"शेवटपर्यंत तेच आहे. राहणार निंबथडी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान वर गेली. "म्हंजी जितला माझा सासरा," त्या म्हणाल्या. "लय मारलं आसंल. तरी न्हाई सांगितलं."

ताकास तूर लागू दिली नाही त्या माणसानं. मार खाऊन, एकटा, शेवटपर्यंत. मलाही रडू आवरेना. आणि माझं शहरी डोकं लगेच भरपाई शोधायला लागलं. मी म्हटलं, गयाबाई, मी नकाशावरचा त्यांचा ठिपका तुमच्या गावावर आणून ठेवते. खऱ्या गावाचं नाव लिहिते. लिंबाजी आपल्या घरी येतील, आणि दरोडेखोर नव्हे, बंडखोर म्हणून येतील. मनात हेही होतं की सरांनाही हे पटेल. ठिपका वस्तीवर आला की त्याला कुणी चूक म्हणणार नाही, काम सोपं.

गयाबाईंनी डोळे पुसले आणि सूप उचललं.

"त्यानं जीव दिला पर गाव सांगितलं न्हाई. आन्‌ तुमी संगणकात लिवून सांगनार?" त्या म्हणाल्या. "बंडखोर लिवा, त्ये बराबर हाय. गाव निंबथडीच ठिवा. त्याला हालवू नका."

मी म्हटलं, आता कसली भीती? ते सरकार गेलं, लेव्ही गेली. त्या म्हणाल्या, भीती न्हाई माय, शब्द हाय. आणि त्या टेकाड उतरून परत मळणीकडे गेल्या, कारण यंत्र भाड्याचं होतं आणि माणसं खोळंबली होती. मी मारुतीपाशी थोडा वेळ उभी राहिले. मग फोन काढून ठिपका तपासला. जागेवर होता.

गावातून निघताना गयाबाईंनी नव्या ज्वारीची पिशवी माझ्या हातात दिली. दुसऱ्या सुपातली, असं मुद्दाम सांगितलं. चुडाव्याच्या स्टेशनवर गाडी येईपर्यंत आप्पा माझ्याबरोबर उभे होते. त्यांना एकच विचारायचं होतं, माझे सर ऐकतील का. म्हटलं, आप्पा, न ऐकून सांगतात कुणाला!

परतीच्या गाडीत मी भांडले नाही. शांतपणे सगळे ठिपके उन्हाळ्याच्या चित्रावर बसवले, पांढऱ्या डागांचा वेगळा थर केला, ओढ्यात पडलेले दोन काढून टाकले. पूर्वी वाटायचं, नकाशा म्हणजे जागा दाखवणारा कागद. पण जी माणसं आपली जागा न दाखवण्यासाठी मेली त्यांचा नकाशा कसा करायचा, याचा विचार आम्ही त्या खोलीत कधी केला नव्हता. जी नावं आम्ही चूक म्हणून पुसायला निघालो होतो तीच त्यांची लढाई होती. आम्ही पुसलं असतं तर जे काम शिपायांना जमलं नाही ते आम्ही फुकटात केलं असतं.

बैठकीत मी आधी हिरवं चित्र दाखवलं, मग उन्हाळ्याचं. सर उठून पडद्याजवळ आले, एकेका डागावर बोट फिरवून बघितलं. माणूस हट्टी आहे पण लबाड नाही. ठीक आहे, म्हणाले, ठिपके राहू द्या, रेल्वेचा निष्कर्ष मागे घेऊ. मग निंबथडीवर बोट ठेवून म्हणाले की हे फारच महत्त्वाचं आहे, आता फक्त लिंबाजीचं मूळ गाव भरून टाका, तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

म्हटलं, भरलाय.

ते वाकून बघायला लागले. "अहो, हे तर बेचिराग. तिथं कुणी राहत नव्हतं, तुम्हीच आत्ता सांगितलंत. खरं गाव कोणतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पिशवीतली ज्वारी सकाळीच दळून आणली होती, तिचा वास अजून हातांना होता. कोपरावरची खपली ओढली जात होती.

"गाव कोणतं?" सरांनी पुन्हा विचारलं.

"निंबथडी," मी म्हटलं.